आण्णा, दोर सोडू का?



आज उसावर लिहीत नाही. खोडव्यातलं पाचट आणि हुमणीचं राहिलेलं पुढच्या वेळी बघू. गेलं वर्षभर जो भेटतो तो एकच विचारतोय, "आण्णा, आजारी होता काय? लई उतरलाय." रस्त्यात गाडी थांबवून प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी दहावी पास माणूस, डॉक्टर नव्हे. त्यामुळं यात औषधपाणी शोधू नका. माझ्या अंगावर जे घडलं तेवढंच सांगतो.

सुरुवात विहिरीपासून करावी लागेल.

२०२३ चा एप्रिल महिना. ऊस वाळायला लागलेला आणि मोटर नुसती हवा ओढत होती. फुटवॉल तुंबला असणार हे दहा वर्षांच्या पोराला पण कळलं असतं. मुलगा विट्याला गेलेला. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा म्हटलं आपणच उतरू. पंचावन्न फुटांची विहीर, कडेला सळईच्या पायऱ्या. वडिलांनी ती खोदली तेव्हा मी तिथं मातीच्या पाट्या ओढल्यात. त्या विहिरीत मी किती वेळा उतरलो असेन याचा हिशेब नाही.

उतरलो. फुटवॉलची जाळी साफ केली, शेवाळ आणि एक फाटकी पिशवी निघाली. काम दहा मिनिटांचं. मग वर यायला लागलो आणि तिथं खरी गोष्ट कळली. पायरीवर चढताना माणूस भिंतीला चिकटून चढतो. माझं पोट आधी भिंतीला लागायचं, त्यामुळं अंग मागं ढकललं जायचं आणि सगळा भार हातांवर यायचा. दहा-बारा पायऱ्या चढलो आणि हात थरथरायला लागले. मधे दगडी बांधकामाचा एक टप्पा आहे, तिथं कसाबसा टेकलो. छातीत धडधड, तोंड कोरडं. वर दोन पोरं उभी होती. एकानं विचारलं, "आण्णा, दोर सोडू का?"

म्हटलं, नको. जरा दम खातो.

पाच मिनिटांनी परत विचारलं. परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी काही बोललो नाही, नुसता हात वर केला. काखेतनं दोर बांधला, शेजारच्या रानातली अजून चौघं पळत आली आणि मला वर ओढलं. काठावर पडलो होतो तेव्हा त्यातला एक म्हणाला, "गेल्या साली गाय पडलेली, तवा पण एवढी माणसं लागली न्हवती." सगळी हसली. मी पण हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, आण्णा, तूर आणलीय काय? काट्यावर आकडा आला ८७.४. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. म्हणजे जवळजवळ दोन पोती. लग्नाच्या साली, १९९६ ला, रक्तदान शिबिरात वजन केलेलं तेव्हा ५८ होतं, ते कार्ड अजून ट्रंकेत आहे. मधे साडेएकोणतीस किलो कुठनं आलं? पाठीवरचा फवारणीचा पंप काठोकाठ भरला तर १६ लिटर पाणी आणि पंप मिळून वीस-बावीस किलो होतात. दोन टाक्या मारल्या की आपण बांधावर बसून खांदे चोळतो. आणि मी तसा एक पंप आणि वर अजून सात-आठ किलो घेऊन रात्रंदिवस हिंडत होतो, झोपत पण होतो.

विट्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते, ती ६.३ आली. त्या म्हणाल्या, ५.७ च्या खाली असती तर बरं, ६.५ च्या पुढं गेली की मधुमेह. तुम्ही कुंपणावर बसलाय. मग टेप काढून पोटाचा घेर मोजला, १०६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाचा ९० च्या आत पाहिजे, बाईचा ८० च्या आत. मी म्हटलं, बाई, शेतकऱ्याला कसली साखर? आम्ही काय खुर्चीवर बसणारी माणसं आहोत का? त्यांनी नुसतं विचारलं, "शेवटचं खुरपं कधी धरलं होतं?"

उत्तर सुचलं नाही.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. पण होता हे कळायला लई उशीर झाला. ऊस तुटून गेलेल्या रानात अनवाणी फिरताना बुडख्याचं टोक पायात घुसलं. त्यांना कळलंच नाही, कारण तळव्याची संवेदना आधीच गेलेली. चार दिवसांनी आईला चपलेत रक्त दिसलं. मग चिघळलं, मग मिरजेला नेलं, मग उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. तो माणूस त्यानंतर कधी रानात गेला नाही. उंबऱ्यात बसून पाय धोतरानं झाकून घ्यायचा. २०१४ ला गेले. त्यांचं पण पोट असंच होतं, आणि आम्ही सगळे म्हणायचो, आबांची तब्येत बरी आहे.

आता वजन आलं कुठनं ते सांगतो. जो तो म्हणतो, वय झालं की अंग सुटतंच, पन्नाशीनंतर शरीराची भट्टी मंदावते. मी पण तेच धरून बसलो होतो. माझा पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. त्यानं मला मोबाईलवर वाचून दाखवलं. २०२१ साली 'सायन्स' नावाच्या मोठ्या मासिकात एक अभ्यास आला होता. हर्मन पाँट्झर नावाचा अमेरिकेतला संशोधक आणि त्याच्याबरोबर बरेच जण. २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांचं शरीर दिवसाला किती जाळतं ते त्यांनी मोजलं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. आणि निघालं काय? अंगाच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हे जळण जवळजवळ सारखंच राहतं. उतरतं ते साठीनंतर, ते पण वर्षाला एक टक्क्याहून कमी. म्हणजे माझी भट्टी चोपन्नाव्या वर्षी विझलेली नव्हती. दुसरंच काहीतरी विझलेलं.

त्या रात्री मी पडल्या पडल्या हिशेब घातला. आमचा हा खानापूर तालुका म्हणजे दुष्काळी. टेंभूचं पाणी यायच्या आधी बाजरी, जोंधळा, मटकी, हुलगा. बैल होते. आठ इंचाच्या तासानं एक एकर नांगरायचं तर बैलामागं वीस किलोमीटर चालणं होतं, हवं तर गणित करून बघा. दिवसाला अर्धा-पाऊण एकर झालं तरी दहा-पंधरा किलोमीटर, तेही ढेकळातनं. मग पाणी आलं. ऊस आला. पैसा आला, खोटं कशाला बोलू. बैल गेले, ट्रॅक्टरवाला तासावर येतो. पाटानं पाणी द्यायचो तेव्हा रात्रभर दारं मोडत फिरावं लागायचं, आता ठिबक. रात्री दोनला लाईट आली की उठून मोटर चालू करायला जावं लागायचं, मग ऑटो बसवला, आता मोबाईलवरनं मोटर चालू होते. घर ते रान दीड किलोमीटर, त्याला मोटरसायकल. खुरपायला बायका, औषध मारायला गडी, आता तर ड्रोनवाला पण विचारून जातो. कामं एकेक करून अंगातनं बाहेर गेली आणि मला कळलंच नाही. ताट मात्र बैलांच्या काळातलंच राहिलं. सकाळी दोन भाकरी, दुपारी तीन, रात्री दोन आणि वर भात. आमच्या आईची भाकरी म्हणजे परातीएवढी. मी पीठ मोजून बघितलं, एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ लागतं.

आणि चहा. एक दिवस खिशात चिठ्ठी ठेवून चहाला रेघ मारत गेलो. घरचे तीन, डेअरीवर एक, सोसायटीत एक, पानपट्टीवर दोन, कुणाच्या तरी ओट्यावर दोन. नऊ. प्रत्येकात दोन चमचे साखर. अठरा चमचे म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास. वर्षाला २९ किलो, अर्ध्या पोत्याहून जास्त. आमच्या बाजूला उतारा अकरा टक्क्यांच्या आसपास धरला तर पाव टनावर ऊस मी एकटा चहातनं पीत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही साखर म्हणजे दिवसाला तुमच्या एका मोठ्या भाकरीएवढी ताकद. म्हणजे मी सात भाकरी खायचो आणि आठवी प्यायचो.

पण ते कळलं तरी आधी मी शहाणपणा सोडून पावडरीच्या मागं लागलो. चुलतभाऊ गलाईत आहे, तिकडं तामिळनाडूत. त्यानं सांगितलं एक पावडर घे, दुधातनं, जेवणाऐवजी. ४८०० रुपये डबा. दोन डबे संपवले, दोन किलो उतरले. डबा संपला आणि बेंदराच्या पुरणपोळीला तीन किलो चढले. जुलैला काट्यावर ८८.१. दुकानदार म्हणाला, आण्णा, यंदा पीक बरंय.

शेजारच्या भाऊंनी डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवायचं धरलं. दिवसात दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे काही नाही. त्यांचं नऊ किलो गेलं, अजून टिकून आहे. मी आठ दिवस करून बघितलं. पण मला दुपारी रानात भूक लागली की डोकं फिरतं, गड्यांवर ओरडायला लागलो. मंडळी म्हणाली, "अहो, तुम्ही जेवा बाई, पण आमच्यावर खेकसू नका." ज्याचं त्याला जमतं. मला नाही जमलं.

जमलं ते साधंच होतं आणि लई हळू होतं. चहातली साखर बंद केली. एकदम नाही, दीड महिन्यात दोन चमच्यांवरनं शून्यावर. उसाचा बागायतदार बिनसाखरेचा चहा मागतो म्हटल्यावर गावात काय काय ऐकलं ते इथं लिहिता येत नाही. सोसायटीत एक जण म्हणाला, "सगळ्यांनी असं केलं तर ऊस कुणाच्या दारात टाकायचा?" खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. दिवाळीला कारखान्याची सभासदाची साखर येते ती अजून घेतो, पोरींच्या घरी वाटतो.

भाकरीचं जास्त अवघड गेलं, आणि ते माझ्यामुळं नव्हे, आईमुळं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. स्वयंपाक सून करते, पण भाकरी अजून आईच थापते आणि वाढते पण तीच. मी म्हटलं, आई, आजपासून जेवणाला एकच. ती म्हणाली बरं. आणि दुसरी टाकली. मी उचलून परत ठेवली. तिनं काही न बोलता ती अर्धी केली आणि अर्धी टाकली. असं चार दिवस. पाचव्या दिवशी मी चिडलो, "तुला मला मारायचंय काय?" असं तोंडातनं गेलं. ती उठून चुलीपुढं जाऊन बसली. जेवली नाही.

मंडळीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "त्यांना बाहत्तर सालचं विचारा एकदा." मला ते सगळं तोंडपाठ होतं असं वाटायचं. मिलोचा जोंधळा, सुकडी, खडी फोडायची कामं. आमच्या पिढीनं हे ऐकूनच दिवस काढलेत. पण त्या रात्री आईनं जे सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी दीड वर्षाचा. मला झोळीत बांधून ती रस्त्याच्या कामावर जायची. तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं. सुकडी पाण्यात कालवून मला बोटानं चाटवायची. "तुझ्या मांडीचं कातडं लोंबत होतं. चिमटीत धरलं तर हातात नुसतं कातडं यायचं. खडीवरच्या बाया म्हणायच्या, ह्यो काय राहत न्हाय. मी रोज संध्याकाळी तुझी मांडी चाचपायची. आज भरली का, आज भरली का." मग म्हणाली, "आता तू म्हणतोस वाढू नगं. माझा हात ऐकत न्हाय रं."

काय बोलणार? बावन्न वर्षं ती बाई माझी मांडी चाचपत होती आणि मला वाटायचं ती नुसती आग्रह करते.

बऱ्याच वेळानं मीच म्हटलं, आई, आबांचा पाय तूच धुवायचीस ना? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं लहान पोळपाट काढला. त्यावर मावेल तेवढीच भाकरी थापली. ती जेवणाला एक, कधी दीड. आणि एका बाजूला हुलग्याचं माडगं. ते मी पंधरा-वीस वर्षांत प्यायलो नव्हतो. पाणी आल्यावर हुलगा कोण पेरतंय? डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. वाढत्या वयात मांस झडतं, म्हणजे चरबी नव्हे, दंडाचं-मांडीचं खरं मांस. तिशीनंतर दर दहा वर्षांत शंभरातलं तीन ते आठ जातं असं म्हणतात. ते टिकवायचं तर नुसतं कमी खाऊन चालत नाही, डाळ, उसळ, अंडी, ताक हे ताटात वाढलं पाहिजे आणि अंगाला ओझं पडलं पाहिजे. नाहीतर काट्यावर वजन कमी दिसतं, पण गेलेलं असतं ते मांस, आणि माणूस पोटासकट लुळा होतो.

भाकरीच्या हिशेबानं बघितलं तर वजन उतरणं सोपं वाटतं. किलोभर चरबीत ७७०० कॅलरी असतात असं धरतात. माझ्या जुन्या मोठ्या भाकरीत साडेतीनशेच्या आसपास. रोज एक कमी केली तर बावीस दिवसांत एक किलो. कागदावर. रानातला उतारा कागदासारखा कधी आलाय का? मला एका किलोला कधी पंधरा दिवस लागले, कधी दोन महिने.

चालायला लागलो. मोटरसायकल घरी, रानात पायी. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा किलोमीटर होतात. पण एक सांगतो, नुसत्या चालण्यानं माझं वजन उतरलं नाही. पाच-सहा किलोमीटर चालून जे जळतं ते एका भाकरीत भरून येतं. आमच्या इथं सकाळी रस्त्यानं दहा-बारा जण हात हलवत चालतात आणि येताना हॉटेलात भजी खातात. चालण्यानं साखर ताळ्यावर राहते, गुडघे मोकळे होतात, झोप लागते. वजन मात्र ताटातच उतरतं. उपवासाचं तर बोलूच नका. एकादशी दुप्पट खाशी, ते साबुदाणा आणि शेंगदाण्याचं कूट एका दिवसात आठवड्याची कमाई घालवतं. मी एकादशीला आता नुसती भगर आणि ताक घेतो. मंडळीला ते पटत नाही, पण चाललंय.

डिसेंबरात ८२ झालो. मार्चमध्ये ७९.८. आणि तिथं अडकलं. अकरा आठवडे, मंडळी. दर सोमवारी दुकानात काट्यावर उभा राहायचो आणि काटा ७९.८, ८०.१, ७९.७, ७९.८. खाणं तेच, चालणं तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. तुमचं अंग हलकं झालं, म्हणून आता त्याला चालवायला कमी लागतं. साडेसातच्या मोटरला जेवढी वीज लागते तेवढी पाचच्या मोटरला लागत नाही. शिवाय खाणं कमी झालं की शरीर कंजूष होतं, नकळत हालचाल कमी करतं, कुठं टेकायला मिळतंय बघतं.

लव्हाळा ज्याच्या रानात आहे त्याला हे समजेल. वरनं खुरपला की रान स्वच्छ दिसतं. आठ दिवसांनी परत हिरवं. कारण गाठी खाली असतात. मग मी परत खिशात चिठ्ठी घातली, ह्या वेळी जेवणाची नव्हे, जेवणाबाहेरच्या घासाची. आणि सगळं सापडलं. शेंगा फोडताना मूठभर दाणे. नातवाच्या ताटात राहिलेला भात, टाकायचा कशाला म्हणून. गुऱ्हाळावर गेलो की काकवी. प्रसाद. डेअरीवर पेढा, कुणाची म्हैस व्याली म्हणून. यातलं एक पण मी 'खाल्लं' म्हणून धरत नव्हतो. तेच धरलं तर दिवसाला दीड-दोन भाकरी होत होत्या. नातवाचं ताट मंडळीकडं गेलं. पेढ्याला मी हात जोडतो, पण अर्धा तोडून घेतोच, म्हैस व्यालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

दुसरं एक केलं. पाठीवरचा पंप परत मी घेतला. गडी आहे, पण सोयाबीन आणि भाजीपाल्याचं औषध मी मारतो. आधी आठ लिटर भरून, मग बारा, मग पूर्ण. खुरपं पण धरलं. उकिडवं बसायचं म्हणजे पहिले पंधरा दिवस रडू आलं, दोन बायका हात धरून उठवायच्या. आता पन्नास फुटांची एक पात धरून जातो, बायकांच्या मागंच, पण जातो. त्यानंतर काटा हलला.

इथं एक मनात आलेलं सांगतो. मागच्या हंगामात आमच्या उसाला टोळी आली, बीडकडची. पहाटे तीनला उठून भाकरी बडवून, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढणारी माणसं. एकाच्या अंगावर चरबी नाही. मी बांधावर उभा राहून म्हटलं, बघा, अशी पाहिजे तब्येत. तर त्यातला एक, माझ्याच वयाचा, म्हणाला, "मालक, आमाला बी सुटायचंय, पण सुटू देतंय कोण?" मी गप्प झालो. त्याचं खपाटीला गेलेलं पोट आणि माझं उतरलेलं पोट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडं कमी खायला जास्त होतं, म्हणून मला कमी खाता आलं. त्या दिवसापासून कुणाला 'बारीक हो' म्हणून सांगताना मी दहादा विचार करतो.

आज वजन ७५.६ आहे. ५८ होणार नाही, व्हायचं पण नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून चार-पाच गेले तर बरं, नाही गेले तर हे टिकवा. घेर ९५ वर आलाय, अजून नव्वदच्या बाहेरच. साखर ५.८, म्हणजे कुंपणावरच, पण पाय आतल्या बाजूला सोडून. रविवारचं मटण सोडलेलं नाही, विचारू नका. गेल्या दिवाळीत दोन किलो चढले आणि उतरवायला संक्रांत ओलांडली. हे असं चालूच राहणार, तणासारखं. एकदा काढलं आणि संपलं, असं नाही.

या उन्हाळ्यात फुटवॉल परत तुंबला. मुलगा घरातच होता, म्हणाला मी उतरतो. म्हटलं, थांब. मी उतरलो. जाळी साफ केली, ह्या वेळी एक चप्पल निघाली, कुणाची देव जाणे. वर यायला लागलो. पोट भिंतीला लागत होतं अजून, पण ढकलत नव्हतं. मधल्या टप्प्यावर थांबलो. थांबायची गरज होती असं नाही, पण थांबलो. वर बघितलं तर काठावर पोराच्या शेजारी आई. कुणी सांगितलं तिला काय माहीत, दीड किलोमीटर चालत आली होती. हातात दोराचं वेटोळं. डोळ्यांवर हात धरून खाली बघत होती.

म्हटलं, आता विचारणार, दोर सोडू का.

तिनं विचारलं, "आरं, जेवलाईस का न्हाई?"

जाळी आता जुनी झालीय, भोकं पडलीत. नवी आणायला विट्याला जायचंय, टेंभूचं आवर्तन सुटायच्या आत बसवायला पाहिजे.